इंजिनाची पारख

कलाशाखेच्या विद्यार्थ्याला इंजिनातले काय कळते, असे कोणी विचारले तर 'काही नाही' हेच प्रामाणिक उत्तर होईल. मी इतिहास आणि मराठी घेऊन बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. यंत्राशी माझा संबंध सायकलच्या साखळीपुरता. ती पडली तर बसवता येते, तीही कोपरापर्यंत हात काळे करून. असे असताना गेल्या कार्तिकात घरातले सोळा हजार रुपये खिशात घालून एक जुने डिझेल इंजिन पारखून आणण्याच्या कामगिरीवर माझी नेमणूक झाली. आमच्या वर्गातल्या मित्रांना हे कळले तेव्हा ते पोट धरून हसले. हसणे रास्तच होते. पण प्रसंग हसण्याचा नव्हता.

आमचे साडेतीन एकर वावर नाल्याच्या काठाला आहे. सोयाबीन निघाले की त्यात हरभरा पेरायचा, हा वाशीम जिल्ह्यातल्या हजारो घरांचा परिपाठ तोच आमचा. हरभऱ्याला फार पाणी लागत नाही. फांद्या फुटताना एक आणि घाटे भरताना एक, अशी दोन पाणी वेळेवर मिळाली तर तो माणसासारखा वागतो. खाली बंधारा असल्यामुळे नाल्यात पौष महिन्यापर्यंत पाणी थांबते. विजेची मोटारही आहे. पण आमच्या फीडरवर त्या वर्षी एक आठवडा दिवसा वीज असे आणि एक आठवडा रात्री. आणि हरभऱ्याला तहान नेमकी रात्रीच्या आठवड्यात लागे. आदल्या वर्षी पौषात, रात्री दोन वाजता, बाबा मोटार चालू करायला गेले आणि ओल्या दांडातून पाय घसरून पडले. गुडघ्याची वाटी फुटली. मोबाईल हातातून उडून चिखलात गेला. पहाटे दूधवाला त्या वाटेने जाईपर्यंत ते तिथेच थंडीत पडून होते. आजूबाजूला रानडुकरांचा वावर. ती रात्र त्यांनी कशी काढली ते त्यांनी आम्हांला अजून सांगितलेले नाही.

दवाखान्यातून घरी आल्यावर मायने एकच वाक्य उच्चारले, "यापुढं रातचं ओलित नाई. हरभरा गेला तं गेला." आमच्या घरात माय फार कमी बोलते, त्यामुळे तिचे बोलणे कायद्यासारखे असते. सौर पंपाचा अर्ज भरलेला होता, पण आमचा नंबर लागायचा होता. नवे इंजिन आवाक्याबाहेर. राहिले जुने.

शिरपूरकडच्या बाजूला एका खेड्यात एक इंजिन विकाऊ आहे, असे मामांनी सांगितले. विकणाऱ्याच्या पुतण्याने त्याचा व्हिडिओही पाठवला होता. त्यात इंजिन छान धडधडत होते. बाबांनी तो पाहिला आणि मोबाईल परत देत म्हणाले, "बैल घेताना दात बैलाचे पाहावं, पण वावर आपलं पाहावं. मिस्त्रीले घेऊन जाय." त्या वाक्याचा अर्धाच भाग तेव्हा माझ्या डोक्यात शिरला. दोनदाती, चौदाती, सहादाती, जुळलेला, हे बैलाचे हिशेब मला लहानपणापासून ठाऊक. इंजिनाचेही दात पाहायचे असतात, हे समजले. 'आपलं वावर पाहावं' याचा अर्थ मात्र दुपारपर्यंत कळायचा होता.

मिस्त्री म्हणजे आमच्या गावचे साठीतले गृहस्थ. शाळा चौथीपर्यंत, पण कान असा की रस्त्याने जाणाऱ्या ट्रॅक्टरचा कोणता वॉल्व्ह बसत नाही ते ते ओट्यावर बसून सांगतात. आम्ही दोघे मोटारसायकलवर निघालो. वाटेत त्यांनी मला एकच ताकीद दिली. मी तोंड उघडायचे नाही.

वाड्याच्या मागे टिनाचे शेड होते. आत एक नव्हे, दोन इंजिने होती. दाराशी विकाऊ इंजिन, हिरव्या रंगाचा नवा हात दिलेले. आणि मागे अंधारात, पोत्यांखाली झाकलेले, दोन मोठी चाके असलेले एक धूड. पुतण्या हँडल घेऊन तयारच होता. "एका दमात चालू होते पाहा," म्हणाला. मिस्त्रींनी त्याला थांबवले, पुढे जाऊन इंजिनाच्या डोक्यावर नुसता तळहात ठेवला आणि माझ्याकडे न पाहताच विचारले, "हे गरम काऊन हाये बाप्पा?"

"तुमी येनार म्हनून जरा चालू करून पाह्यलं."

"बरं केलं. आता थंडं होऊ द्या. तवरीक चहा पिऊ."

मित्रहो, जुने इंजिन घेण्याच्या विद्येतला हा पहिला धडा. तापलेले इंजिन सगळ्यांचेच चालू होते. धातू फुगलेला असतो, फटी मिटलेल्या असतात, तेल पातळ झालेले असते. झिजलेल्या इंजिनाची परीक्षा थंडीच्या सकाळी, गार अंगाने घ्यायची असते. आम्ही दीड तास ओसरीवर बसलो.

त्या दीड तासात मला, तोंड उघडायची बंदी असल्यामुळे, विचार करायला भरपूर वेळ मिळाला. ज्याच्या नावाने हे इंजिन चालते तो रुडॉल्फ डीझेल जर्मन. त्याने १८९२ साली पेटंटसाठी अर्ज केला आणि १८९७ साली ऑग्सबुर्ग येथे त्याचे इंजिन नीट चालू झाले. ठिणगी नाही, वात नाही. हवा इतकी दाबायची की तीच तापून इंधन पेटवते. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात असले एक इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले होते! आमच्याकडे भाजीला तेल पुरत नाही ती गोष्ट वेगळी. १९१३ साली जहाजातून इंग्लंडला जाताना हा माणूस रात्रीतून नाहीसा झाला. पुढे समुद्रात त्याचे प्रेत सापडले. मराठी मुलखापुरते म्हणाल तर १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर काढणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या घराण्याने १९४६ साली पुण्यात ऑइल इंजिनांचा कारखाना घातला, आणि मोटेवर वाकलेल्या कितीतरी पाठी सरळ झाल्या. इतिहासाच्या पुस्तकात लढाया आणि तह असतात. मोट कधी थांबली त्याचे प्रकरण मला कुठे आढळले नाही. असो.

इंजिन गार झाले. मिस्त्रींनी आधी तेलाची कांडी ओढली. तेल दुधासारखे पांढरट दिसले तर आत पाणी शिरते आहे असे समजायचे. म्हणजे गॅस्केट गेले, किंवा त्याहून वाईट, हेडला तडा. तसे नव्हते. पण त्यांनी ते तेल दोन बोटांत ताणून पाहिले. ते मधासारखे लांबत गेले. "गेरचं तेल टाकलं," ते माझ्या कानाशी पुटपुटले. दाट तेल टाकले म्हणजे सैल झालेल्या भागांचा आवाज दबतो. म्हाताऱ्याने खोकला लपवायला तोंडात खडीसाखर धरावी तसे.

मग त्यांनी वॉल्व्ह मोकळा धरणारा खटका खाली पाडला आणि हँडल सावकाश फिरवले. निरोगी इंजिन अशा वेळी कोंडलेल्या हवेच्या जोराने उलटा झटका देते. या इंजिनाने दिला नाही. थोडा विरोध करून ते 'सुस्स्' करीत वाकले. ही हवा कोठून जाते ते आता शोधायचे. मिस्त्रींनी सायलेन्सरला कान लावला. तिथे आवाज असता तर धूर सोडणारा वॉल्व्ह गेलेला. हवा घेण्याच्या तोंडाला कान लावला. तिथे असता तर दुसरा. तेल ओतण्याचे झाकण उघडले आणि मला म्हणाले, "लाव कान." मी लावला. सुस्कारा तिथूनच येत होता. म्हणजे पिस्टनच्या रिंगा आणि लायनर झिजलेले. वरची हवा खाली तेलाच्या कोठीत उतरते. आयुष्यात प्रथमच एखाद्या यंत्राच्या छातीला कान लावून मी त्याचे दुखणे ऐकत होतो, आणि ते मला समजत होते. तो आनंद मी लपवू शकलो नाही. मिस्त्रींनी डोळे वटारले.

पुढे चाक धरून मागेपुढे हलवणे झाले. आत बारीकसा 'टक्' आला. कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग सैल. क्रँक एकदा खराद मारलेला असावा, असा त्यांचा अंदाज. क्रँकचे वय दहा, वीस, तीस असे मोजतात. दर वेळी इंचाचे तितके हजारावे भाग घासून काढतात आणि तेवढी जाड बेअरिंग घालतात. चाळिशीनंतर क्रँक म्हातारा. (माणसाचेही फारसे वेगळे नाही, असे आमचे एक सर म्हणाले असते.)

नऊ वेळा हँडल मारल्यावर इंजिन चालू झाले. निळसर धूर निघाला. निळा धूर म्हणजे तेल जळते, काळा म्हणजे डिझेल नीट जळत नाही किंवा भार पेलवत नाही, पांढरा म्हणजे डिझेल न जळताच जाते किंवा पाणी; ही बाराखडी मिस्त्रींनी मला नंतर शिकवली. पुतण्या म्हणाला, "कसं गाते पाहा!" मिस्त्री म्हणाले, "रिकामं सगळंच गाते. पाण्याले लावा." शेजारच्या विहिरीवरच्या पंपाला लावून अर्धा तास चालवले. नळी भरून पाणी पडले, आवाज थोडा बसला, धूर काळपट झाला. पण इंजिन थांबले नाही. पाण्याच्या नळीत बुडबुडे आले नाहीत, म्हणजे हेड आणि गॅस्केट शाबूत. एवढीच त्यातली जमेची बाजू.

पाटी नव्हती. कोणत्या कारखान्याचे, कोणत्या सालचे, काही पत्ता नाही. पाच अश्वशक्तीचे, मिनिटाला दीड हजार फेऱ्यांचे, आमच्या भागात शेकड्याने सापडणाऱ्या धाटणीचे. "याचे सामान रिसोडले भेटते, वाशीमले भेटते. तेच याचं मोल," मिस्त्री म्हणाले.

आता त्या मागच्या धूडाविषयी सांगितलेच पाहिजे, कारण माझे मन एव्हाना तिकडे गेले होते. पुतण्याने पोती काढली. छातीएवढी उभी लोखंडी बैठक, दोन बाजूंना दोन अवजड चाके. मी मोबाईलवर पाहिलेल्या इंग्लंडमधल्या चित्रांशी ते हुबेहूब जुळत होते. डर्स्ले गावच्या लिस्टर कंपनीने १९३० च्या आगेमागे काढलेला हा नमुना. मिनिटाला अवघ्या साडेसहाशे फेऱ्या. आजीच्या घरात साक्षात इतिहास उभा आहे, असे वाटून मी पितळी पाटीवरचा मळ रुमालाने पुसला. अक्षरे निघाली ती राजकोटची. क्षणभर हिरमोड झाला. पण नंतर वाटले, हीही गोष्ट काही लहान नाही. मूळ कंपनीने १९८७ मध्ये हा नमुना बंद केला. सौराष्ट्रातले कारखानदार पुढेही तो घडवीत राहिले.

हे इंजिन गार होते. कोणी त्याला सजवले नव्हते. मिस्त्रींनी खटका पाडून हँडल फिरवले तर ते असे उलटले की त्यांनी वेळीच हात काढला म्हणून मनगट वाचले. डिझेल ओतले, नळीतली हवा काढली. दुसऱ्या प्रयत्नाला ते चालू झाले. डुग्, डुग्, डुग्. चार फटक्यांचे इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पेटते. म्हणजे याचे मिनिटाला सव्वातीनशे ठोके. लहान इंजिनाचे साडेसातशे. एक धापा टाकते, दुसरे चालते. आवाज ऐकून घरातून एक म्हातारी काठी टेकत आली आणि शेडच्या खांबाला धरून उभी राहिली. ती घरमालकीण, पुतण्याची मोठी माय. तिच्या नवऱ्याने या इंजिनावर गिरणी चालवली होती. पंचक्रोशीतले दळण इथे येई. "सकाळी हे बोलू लागलं का बाया डोक्यावर डबे घेऊन निघत," ती म्हणाली.

मला ते इंजिन हवे होते. का, ते नीट सांगता येणार नाही. माझे मामा कारंज्याचे. मूर्तिजापूरहून यवतमाळला जाणारी शकुंतला गाडी कारंज्यावरून जाई. तिचे मँचेस्टरला घडवलेले वाफेचे इंजिन १९२३ पासून १९९४ पर्यंत धावले. मामा त्याविषयी बोलू लागले की त्यांचे डोळे निराळे होतात. आज रुळांवर गवत आहे. जुन्या यंत्राचे असे काही असते खरे. आणि इथे तर गुणही होता! दोन्ही इंजिनांत धडधाकट कोणते हे माझ्यासारख्या अडाण्यालाही दिसत होते.

मी बंदी मोडली. "मिस्त्री, हेच घेऊ."

त्यांनी मला बाजूला नेले. "कुठं ठेवशीन?"

तेव्हा बाबांचे उरलेले अर्धे वाक्य माझ्या डोक्यात उतरले. आमचे वावर नाल्याचे. श्रावणात पूर येतो, पाणी बांधावर चढते. इंजिन हंगामाला न्यायचे आणि हंगाम संपला की घरी आणायचे. नाहीतर चोर आहेतच. लहान इंजिन चार माणसे उचलून गाड्यावर ठेवतील. हे धूड जागचे हलवायलाच क्रेन हवी. त्याला सिमेंटचा पाया लागतो, लांब पट्टा लागतो. शिवाय पंपाचा एक कायदा आहे. पंप पाणी ओढतो म्हणतात, पण खरे तर हवा ते खालून ढकलते. म्हणून कितीही जोरदार इंजिन लावा, दहा मीटरच्या वर पाणी ओढले जात नाही, आणि प्रत्यक्षात सहा-सात मीटरला हात टेकावे लागतात. टॉरिचेलीने हे सतराव्या शतकातच दाखवले. आमची विहीर बारा मीटरची. तिच्यावर इंजिन चालवायचे तर ते आत टप्प्यावर उतरवावे लागेल, आणि विहिरीत साचलेल्या धुराने माणसे गेल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. म्हणजे इंजिन नाल्यावरच. पौषात तिथले पाणी काठापासून चार-पाच मीटर खाली जाते. पाणी जसे मागे सरेल तसे इंजिनही दोन पावले पुढे सरकले पाहिजे. हे सरकणारे नव्हते.

तर चांगले होते ते आमच्या कामाचे नव्हते, आणि कामाचे होते ते झिजलेले.

लहान इंजिनाचे सोळा हजार सांगितले होते. मिस्त्रींनी बिडीच्या पाकिटावर हिशेब मांडला. लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग, क्रँकचे खराद, नोझल, मजुरी: सात हजार. दुरुस्त केलेले, हमीचे इंजिन बाजारात पंधराला मिळते. म्हणजे याची किंमत आठ. भंगारवाला चार देईल. त्याच्या खाली कोणी जाऊ शकत नाही, आठाच्या वर आम्ही जाऊ नये. पुतण्या हसला आणि रागावलाही. घासाघीस झाली. शेवटी म्हातारीने मला विचारले, "पोरा, कायले पाह्यजे तुले?" मी बाबांची हकिकत सांगितली. सौदा करताना अशा गोष्टी सांगायच्या नसतात, हे मला नंतर कळले. ती पुतण्याला म्हणाली, "नऊमधी देऊन टाक." मी इसार दिला. हजार रुपये जास्त गेले म्हणून मिस्त्री नाराज. आणि मला मात्र हे इंजिन आम्ही स्वस्तात लाटले की काय, असे वाटत राहिले.

निघताना म्हातारीने मोठ्या इंजिनाकडे काठी केली. "याचे भंगारवाला नऊ हजार देतो म्हनते. देऊ काय?"

मिस्त्रींनी माझा दंड दाबला आणि हळूच म्हणाले, "तूच घेऊन टाक नऊले. म्या अठरा आनून देतो. कोठं ना कोठं लागते." माझ्या खिशात सात हजार उरले होते; दोन मामांकडून मिळाले असते. सकाळपासून ज्यांच्या सचोटीवर मी विसंबलो होतो तेच हे सांगत होते. आणि त्यात खोटे तर काहीच नव्हते. किंमत तिने विचारली होती, बोली भंगारवाल्याची होती. खराच सांगतो, मी लगेच 'नाही' म्हटले नाही. खांबाशी उभ्या त्या म्हातारीकडे पाहत मी मनातल्या मनात नवाचे अठरा करून पाहिले. त्यात लायनर-पिस्टन निघत होते.

मग मी म्हणालो, "आजी, हे चालू इंजिन आहे. भंगारात देऊ नका. दुप्पट येतील."

परतीच्या वाटेवर मिस्त्री एक शब्द बोलले नाहीत. दुरुस्तीच्या मजुरीत त्यांनी पाचशे जास्त लावले. का, ते मी विचारले नाही.

इंजिन दुरुस्त होऊन नाल्यावर बसले. फुटव्हॉल्व्हला आमच्याकडे 'फुटबॉल' म्हणतात. तो पाण्यात सोडला, पंप भरला, आणि दिवसाढवळ्या, उन्हात, बाबा खुर्ची टाकून बांधावर बसले. दोन पाण्यांना मिळून सेहेचाळीस तास चालले. तासाला लिटरभराहून थोडे जास्त डिझेल. लिटरला नव्वदीच्या घरातला भाव. विजेच्या मानाने हे महागच. बाबांनी वहीत तारीखवार लिटर मांडले, बेरीज पाहिली, वही मिटली आणि मायला दाखवली नाही. नाल्याच्या गढूळ पाण्याने इंजिनाच्या अंगातल्या वाटा भरतात. त्या येत्या दिवाळीला साफ कराव्या लागतील. एक तेलाची गळती आहे, ती मिस्त्रींना दोनदा येऊनही सापडलेली नाही. दोन्ही खेपांना ते माझ्याशी हवापाण्यावर बोलले.

वैशाखात त्या बाजूला एका लग्नाला गेलो होतो. पंगत उठल्यावर शेडकडे वळलो. मोठे इंजिन जागेवर होते. त्याच्या चाकाला एक बकरी बांधलेली होती. पुतण्या म्हणाला, हिंगोलीकडचा एकजण रसवंतीसाठी विचारून गेला, पुन्हा येणार आहे. "किती सांगू त्याले? तुमच्या मिस्त्रीले पुसा ना."

मी तिथूनच मिस्त्रींना फोन लावला. बराच वेळ घंटी वाजली. त्यांनी उचलला नाही.